दुसरं कारण

कोर्टाच्या आवारात त्यांना तोंडावर 'वकीलसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'दुसरं कारण'. त्यांना ते ठाऊक होतं. सुरुवातीला राग यायचा, मग गंमत वाटायला लागली, आणि आता साठी उलटल्यावर काही म्हणजे काहीच वाटेनासं झालं होतं. कारखान्यातल्या वाफेनं, रंगानं, धुळीनं कुणी आजारी पडलं आणि कंपनीला कोर्टात खेचलं, की कंपनीवाले धावत यांच्याकडे यायचे. यांचं काम एकच, आजाराला दुसरं कारण शोधायचं. सिगारेट ओढायचा का? घराला रंग कधी दिला? वडिलांना खोकला होता का हो? माणूस जन्मभर काही ना काही हुंगतच असतो. शोधलं की सापडायचंच.

आणि आवाज असा मऊ की विचारू नका. ओरडणं नाही, टेबल आपटणं नाही. "ताई, आधी पाणी प्या, सावकाश सांगा," म्हणायचे. समोरची बाई बिचारी, कुणीतरी आपुलकीनं विचारतंय म्हणून सगळं सांगून मोकळी व्हायची.

त्या वर्षी त्यांच्याकडे सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याचं प्रकरण आलं. पत्रे कापणारा एक कामगार फुप्फुसं निकामी होऊन गेला होता आणि त्याच्या बायकोनं दावा लावला होता. कंपनीनं आपल्या बाजूनं एक डॉक्टर नेमले. त्यांनी एक्स-रे पाहिले आणि चहाचा कप खाली ठेवून सरळ सांगितलं, "वकीलसाहेब, ही त्या पत्र्यांचीच धूळ आहे. दुसऱ्या कशानं असं होत नाही. मला साक्षीला बोलावू नका." यांनी नाही बोलावलं. असं बरंच काही आजवर गिळलं होतं, त्यात आणखी एक.

साक्षीच्या दिवशी त्यांनी बाईंना विचारलं, "स्वयंपाक कशावर करता, ताई?"

"कोळशाच्या शेगडीवर."

"खिडकी आहे?"

"एक आहे. थंडीत बंदच असते."

"आणि ते कामावरून आले की कुठे बसायचे?"

बाईंच्या चेहऱ्यावर ओझरतं हसू आलं. "माझ्याजवळच की! मीच म्हणायचे, बसा इथे, ऊब आहे. मग गप्पा मारायचे." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आणि हसू मावळलं. मागच्या बाकावर त्यांची मुलगी बसली होती. तिनं आईकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. दावा तिथेच आडवा झाला.

कंपनीच्या मॅनेजरनं पाठ थोपटली. वकीलसाहेब घरी आले आणि बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले.

"अहो, जिंकलात ना?" बायको म्हणाली. "मग तोंड असं का उतरलंय?"

"दमलोय गं."

"किती वर्षं तेच ऐकतेय. सोडा मग ते काम!"

सोडा म्हणे! सोडणं म्हणजे काय खायचं काम आहे? आधी मुलांची शिक्षणं होती, मग त्यांची लग्नं, आणि नंतर नंतर तर नुसती सवयच उरली होती.

थोड्या दिवसांनी एका दुपारी कारकून केबिनमध्ये आला. "साहेब, ती पत्र्यावाल्याची बायको आलीय. अपिलाची मुदत अजून संपलेली नाही, भेटू नका. शिव्या द्यायलाच आली असणार."

"देऊ दे," ते म्हणाले. "आत पाठव."

बाई खुर्चीच्या कडेला बसल्या. शिव्या काही दिल्या नाहीत.

"साहेब, तुम्ही सगळं वाचलंय, डॉक्टरांशी बोललाय. मला एकच सांगा. ते माझ्या शेगडीमुळे गेले का?"

वकीलसाहेबांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"दावा गेला खड्ड्यात. मी ती शेगडी फेकून दिली. नुसता पाव खाऊन राहते. मुलगी माझ्याशी बोलत नाही. मीच बसवायचे हो त्यांना तिथे! मीच!"

हरलेली माणसं घरी जाऊन काय करतात, हे वकीलसाहेबांनी कधी पाहिलंच नव्हतं. कोर्टाच्या पायऱ्या उतरल्या की त्यांचं काम संपायचं. प्रश्न मात्र त्या बाईंबरोबर घरी गेला होता आणि तिथेच ठाण मांडून बसला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त कंटाळा आला. आता आणखी एक खोटं बोलायचंसुद्धा जिवावर आलं.

"नाही, ताई," ते म्हणाले. "शेगडीमुळे नाही गेले."

बाई रुमालात तोंड घालून रडल्या, मग डोळे पुसून उठल्या. वकीलसाहेबांना हायसं वाटलं. बंद खोलीतलं बोलणं, उद्या नाकारताही आलं असतं. मेली सवय, तेही मनात येऊन गेलंच!

दारापाशी बाई थांबल्या. "साहेब, मुलगी खाली रस्त्यावर उभी आहे. तिलाही एवढं सांगाल? माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही बसायचा."

"साहेब!" दाराबाहेरून कारकून न राहवून ओरडला. त्याचं काय चुकलं? मुलीनं ऐकलं म्हणजे त्यांच्या वकिलानं ऐकलं. मग अपील, मग कंपनीची तक्रार, आणि उतारवयात यांच्या सनदेवर गदा. वकीलसाहेबांना हे त्याच्याहून जास्त कळत होतं.

"बोलवा तिला," ते म्हणाले.

मुलगी आली, पण बसली नाही. कुणाकडे बघेना.

"तुझ्या आईचा यात काही दोष नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"मग माझे बाबा कशानं गेले?"

इतकी वर्षं वकिली केली, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी कुणाला तिथवर पोचूच दिलं नव्हतं. त्यांनी कारकुनाला खुर्ची आणायला लावली आणि ती आईला अगदी लागून ठेवायला सांगितली.

"कारखान्याच्या धुळीनं," ते म्हणाले. "बस. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगतो. आणि आधी तुमच्या वकिलाला फोन लाव, त्यालाही ऐकू दे."