डावी चप्पल

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतला तो मिस्त्री गिऱ्हाइकाशी बोलत नसे. तो गाडीशी बोले. बॉनेटवर हात ठेवून विचारी, "काहून वं, कुठं दुखून राहिलं?"

आमची जुनी मोटार चढावर नुसती ओरडायची, पुढे सरकायची नाही. आमचे हे म्हणाले, "बायको जड आहे." भाचीच्या लग्नाला कोराडीला मी बसने जावं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्याआधी गाडी दाखवायला नेली, तेव्हा मिस्त्रीने मला खाली उतरवलं. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते मजेत चालत राहिलं, म्हणजे क्लच पकडतच नव्हता.

"बाई तर खाली उभ्या हायेत," तो गाडीला म्हणाला. "मंग तुले कोण जड झालं वं? साहेबाले सांग, चपला दाखवा म्हणा."

ह्यांची डावी चप्पल निम्मी झिजली होती, उजवी धड होती.

"दिवसभर क्लचवर पाय ठेवून राहिले. क्लचची प्लेट जळली तुही."

प्लेट बदलून त्याने ती चप्पल जळक्या प्लेटीशेजारी खिळ्याला टांगली. ह्यांनी ती परत मागितली, तीही गाडीकडे बघून.

"खराब पार्ट वापस लावत नाही म्हणा."

लग्नाला मी पुढच्या सीटवर बसून गेले. ह्यांचा डावा पाय अनवाणी होता.