मंजुळाबाईच्या कणगीतले ऑटो

राज्य कसं उभं राहतं हे बघायला दिल्लीला जायची गरज नाही. नरसीच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक वाडी लागते. वाडीच्या माळावर विजेची डीपी आहे आणि त्या डीपीच्या पेटीची चावी मंजुळाबाईच्या कमरेला आहे. डोळे उघडे ठेवून तेवढं पाहिलं तरी पुरे.

चावी यायच्या आधी त्या माळावर ना राजा होता ना प्रजा, नुसत्या मोटारी होत्या. ज्यानं-त्यानं आपल्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवला होता. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची डबी. लाईन आली की मालक घरी घोरत असो नाहीतर लग्नात जेवत असो, मोटार आपली आपण चालू. एकानं बसवला म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्याचा बघून तिसऱ्यानं. मग लाईन आली की सगळ्या मोटारी एका दमात उठायच्या आणि डीपीचा फ्यूज उडायचा. कुणीतरी शहाणा जाड तार पिळून घालायचा. तार टिकायची, डीपी जळायची. नवी डीपी येईस्तोवर हळदीची पानं वळायची आणि लोक मारुतीच्या पारावर बसून सरकारला शिव्या घालायचे. सरकारला शिव्या घालाव्यात, तो मान त्याचा आहेच. पण ही डीपी सरकारनं नव्हती जाळली. ही यांनीच जाळली होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

लागोपाठ दोन मोसम डीपी गेली तेव्हा पारावर बैठक बसली. सोमेश्वर बोलायला उठला. त्याची मोटारही सगळ्यांत मोठी आणि आवाजही.

"ज्यानं-त्यानं आपापला ऑटो काढावा. सोपं हाय."

"मंग आधी तुमी काढा," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी काढला अन् तुमी न्हाई काढला तर? मी काय येडा हाय?"

इथंच गाडं रुतलं. वाईट कुणीच नव्हतं. पहिला येडा व्हायची मात्र कुणाची तयारी नव्हती.

देविदास नावाचा एक गडी होता. नांदेडला राज्यशास्त्र शिकला, परीक्षा देऊन देऊन कंटाळला आणि बापाच्या शेतात परत आला. तो म्हणाला, "एकेकानं न्हाई, समद्यांनी एकदमच काढायचे. अन् एकाच माणसाच्या हवाली करायचे. पाळ्या तोच लावंल, डीपीची चावीबी त्याच्याकडंच. पण माणूस असा पाहिजे की ज्याची या डीपीवर मोटारच न्हाई."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला फिरल्या. पाराच्या कडेला मंजुळाबाई उभी होती, नवऱ्याला जेवायला बोलवायला आली होती. तिचा नवरा ग्यानबा, त्यांचं कोरडवाहू वावर डीपीला अगदी लागून. विहीर नाही, मोटार नाही.

"माझ्याकडं काहून बघून राहिले?" ती म्हणाली. "मी काय डीपी खाल्ली?"

"खाल्ली न्हाई, म्हणूनच," सोमेश्वर म्हणाला. तो ग्यानबाचा चुलतभाऊ, तिचा भावजी.

त्याच दिवशी बेलभंडार झाला. तळहातावर बेलाचं पान, पानावर चिमूटभर हळद, आणि मारुतीसमोर एकेकानं बोल दिला: पाळी सोडून मोटार लावणार न्हाई, लावली तर माझी पुढची पाळी बुडाली. सगळ्यांनी बेल उचलला. मंजुळाबाईनं फक्त ऐकून घेतलं. तिला कुणी उचल म्हणालं नाही, आणि तिच्याही मनात आलं नाही. जिला मोटारच नाही ती कशाची शपथ घेणार? एवढी एकच गोष्ट राहून गेली.

संध्याकाळपर्यंत टोपल्याटोपल्यांनी ऑटो तिच्या घरी आले आणि रिकाम्या कणगीत पडले. ग्यानबा आत डोकावून म्हणाला, "ज्वारी ठेवायची जागा होती. आता ह्येच दळून खायचं का?"

पण राज्य चाललं, आणि झकास चाललं. मंजुळाबाई बांधावर खुरपं घेऊन बसायची आणि कान मोटारींकडं. कुणाची पाळी सरली की हाळी द्यायची. ऐकलं नाही तर पुढची पाळी बंद, मग तो कुणीही असो. एकदा सोमेश्वरनंच पाळी लांबवली.

"वहिनी, घरातल्या माणसाला तरी सोडा," तो म्हणाला.

"घरातले म्हणून तर बांधावर सांगून राहिले, भावजी. परक्याला पारावर सांगितलं असतं."

आजूबाजूचे हसले. सोमेश्वर कुरकुरला, पण त्यानं पाळी बुडवली. डीपी काही पुन्हा जळली नाही. हळद अशी उठली की वावरात शिरलेलं कुत्रं दिसू नये. आणि आजवर जिला ग्यानबाची बायको म्हणून ओळखायचे, तिला आता लोक तीन बांधांवरून हाका मारायचे, "मंजुळाकाकू, लाईन कवा हाय?" खोटं कशाला बोलायचं, तिला ते आवडायचं. बांगड्यांपेक्षा कमरेच्या चावीचा आवाज तिला गोड वाटायचा.

मग त्यांच्याही वावरात विहीर झाली. पाणी लागलं, कनेक्शन मिळालं, अर्थात त्याच डीपीवर. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हळद लावली. हिंगोलीच्या दुकानदारानं मोटारीसोबत एक ऑटो फुकट जोडून दिला.

"काढ अन् टाक कणगीत," ग्यानबा म्हणाला.

"राहू द्या. चावी माझ्याकडं, पाळ्या मी लावते. मी काय माझीच पाळी मोडीन?"

ऑटो राहिला.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी दोघं औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले. लाईन दुपारची होती, ती आली सकाळीच. पाळी सोमेश्वरच्या बाजूची होती. त्यांनी मोटारी लावल्या, डीपी तेवढ्यानंच भरली होती. त्यात मंजुळाबाईच्या ऑटोनं आपलं इमान राखलं. मोटार उठली, काही वेळ चालली आणि फ्यूज उडाला. पेटीला कुलूप, आणि चावी औंढ्याच्या रांगेत देवाला हात जोडून उभी.

नवरा-बायको परत आले तेव्हा लोक डीपीखाली बसले होते. लाईन कधीच गेली होती. मंजुळाबाईच्या हळदीच्या सऱ्या मात्र ओल्या होत्या. त्या बघितल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं.

"वहिनी," सोमेश्वर शांतपणे म्हणाला, "बेलभंडार आमी उचलला. तुमी न्हाई."

"मला चोर म्हणता?"

"कसं म्हणू? बोलच दिला न्हाई, तर मोडला म्हणायचं कसं?"

तिला सावरून घ्यावं म्हणून देविदास मधे पडला. "काकू, पुस्तकात बी असंच हाय. लोक आपसात करार करतात अन् सत्ता एकाला देऊन टाकतात. तो राजा करारात नसतोच. मंग त्यानं काहीबी केलं तरी करार मोडत न्हाई."

"म्हंजे मी काहीबी केलं तरी चालतं?"

"पुस्तकात तसं हाय."

"त्या पुस्तकवाल्याची हळद नव्हती," मंजुळाबाई म्हणाली. तिनं पेटी उघडून दिली, फ्यूज बसेपर्यंत उभी राहिली आणि कुणाकडं न बघता घरी गेली.

घरी भाकरी थापताना तव्याचीही खैर नव्हती. ग्यानबानं ताट पुढं ओढलं.

"देऊन टाक चावी," तो म्हणाला. "आता आपल्याला बी पाणी हाय. कशाला तकलीफ?"

"कुणाला देऊ? मोटार न्हाई असं कोण राहिलं?"

तिचं म्हणणं बराबर होतं. आणि चावी द्यायच्या नुसत्या विचारानं तिचा हात कमरेकडं जात होता, हेही ग्यानबाला दिसत होतं. चावी सोमेश्वरकडं गेली तर वर्षाच्या आत कणगी रिकामी होणार, सगळे ऑटो परत स्टार्टरवर जाणार. आणि तिनं ठेवली तर लोक बांधावर हसणार. तिला राग सोमेश्वरचा नव्हता. त्याचं बोलणं खरं निघालं याचा होता.

सकाळी तिनं पेचकस घेऊन स्वतःच्या हातानं ऑटो काढला. देवळामागच्या बेलाचं पान तोडलं, पदराच्या गाठीत घरची हळद बांधली आणि पारावर गेली. लोक चहा पीत बसले होते. तिनं ऑटो पारावर ठेवला, शेजारी चावी ठेवली.

"माझी पुढची पाळी बुडाली," ती म्हणाली. "ती मी न्हाई बुडवली, नियमानं बुडवली." मग तळहातावर बेल आणि हळद घेऊन तिनं तोच बोल दिला, एक शब्द न गाळता. "आता चावी कुणाला द्यायची ते तुमी ठरवा."

चावी सोमेश्वरच्या जवळ होती. त्यानं ती उचलली, अंगठ्यानं पुसली. त्याला ती पहिल्या दिवसापासून हवी होती, हे पारावरच्या सगळ्यांना माहीत होतं. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. मंजुळाबाई तेवढी बेलाकडं बघत होती.

"मी घेतली तर माझी पाळी कोण बुडवंल?" सोमेश्वर शेवटी म्हणाला. "माझी मोटार चालू असली की मला ऐकूच येत न्हाई."

पार हसला. त्यानं चावी तिच्या पुढ्यात ठेवली आणि ऑटो मात्र उचलून काखेत मारला. "ह्यो तुमच्या कणगीत न्हाई राहणार, वहिनी. ह्यो माझ्या घरी."

"भरोसा न्हाई का माझ्यावर?"

"भरोसा हाय म्हणून चावी तुमची. अन् भरोसा हाय तितकाच हाय, म्हणून ऑटो माझ्याकडं."

तिच्या नाकपुड्या फुगल्या. पण उत्तर सापडलं नाही, आणि उत्तर न सापडणं तिच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं. ग्यानबा चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला, "सोम्या, मला इतक्या वर्षांत जमलं न्हाई ते तू एका सकाळी केलंस. अजून एक चहा घे, माझ्या नावावर."

बुडालेल्या पाळीनं मंजुळाबाईच्या हळदीची पानं कडेनं पिवळी पडली, मग पुन्हा सावरली. डीपी अजून उभी आहे. मंजुळाबाई अजून बांधावर बसून लोकांना हाळ्या देते. तिची पाळी आली की ती सऱ्यांमधून अनवाणी फिरते, पाणी पुढं पुढं पळताना बघते, आणि तेवढा वेळ तिच्याइतकं सुखी माणूस त्या माळावर कुणी नसतं.

परवाही ती तशीच फिरत होती. शेवटच्या सरीत पाणी शिरायचं राहिलं होतं, आणि पलीकडच्या बांधावरून सोमेश्वरची हाळी आली, "वहिनी, पाळी सरली."

तिनं सरीकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. पुटपुटत स्टार्टरपर्यंत गेली आणि लाल बटण दाबलं.

"केली बंद," तिनं ओरडून सांगितलं. "उद्या तुमची हाय, भावजी. कान साफ करून या."