कासारणीनं विचारलेला रंग

आमच्या कळस गावाला येणारी कासारीण बांगड्या भरता भरता ओवी रचते. पोरीला चिमण्या बांगड्यांची, नवरीला हिरव्या चुड्याची, गरोदर बाईला डोहाळ्यांची. एखादी कळवळली की म्हणते, "हात सैल सोड की गं, कुस्ती खेळतीयास व्हय?"

नवरा गेल्यापासून माझे हात मोकळे. मी लांब बसून नुसती ऐकायचे. एकदा तिनं सगळ्यांसमोर माझा हात धरला.

"तुझ्यासारखीची ओवी कुणी केलीच न्हाय बग. आपुन करू. रंग सांग."

जाऊबाई बघत होत्या. मी हात ओढून घेतला. "नको मावशी."

त्या दिवशी तिनं पुढच्या बायकांना ओवी न म्हणताच बांगड्या भरल्या. अजून येते, सगळ्यांना ओव्या म्हणते, मला मात्र विचारत नाही. आणि "जांभळा" एवढं माझ्या तोंडून निघत नाही.