मानवाले डॉक्टर

उमरग्यात त्यांचं खरं नाव फक्त पाटीवर होतं. लोक त्यांना मानवाले डॉक्टर म्हणत. पाय मुरगळून आलेल्या माणसाच्याही मानेवरून ते आधी बोटं फिरवत. आम्ही त्याची टिंगल करायचो, आईला कावीळ होईपर्यंत.

कावीळ म्हटल्यावर आमच्याकडे दवाखान्याआधी माळ येते. कसल्याशा काड्यांची ती माळ आईच्या गळ्यात घालून आम्ही तीन आठवडे वाया घालवले, हे आजही माझ्या मनाला खातं. आई पिवळीधमक झाली, अंग खाजवून रक्त काढू लागली. सोलापूरला स्कॅन केला, तर स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ. तिनं पित्ताची नळी दाबून धरली होती. कॅन्सरच दिसतोय म्हणाले आणि मोठ्या ऑपरेशनची तारीखही दिली. आई टेबलावरून परत येत नाही, असं माझ्या मनानं घेतलं.

निव्वळ धीर मागायला मानवाल्यांकडे गेलो. त्यांचा हात मानेकडे जाताच आईनं माळ घट्ट धरली. "आपसूक गळून पडस्तोवर काढायची न्हाय, डॉक्टर."

आधीच्या सगळ्या डॉक्टरांनी इथंच हात मागं घेतला होता. हे म्हणाले, "नका काढू मावशी. तुम्हीच वर धरा, मी खालून बघतो."

माळेखाली, गळ्याच्या हाडाला लागून, हरभऱ्याएवढी गाठ होती.

"हा टीबी असू शकतो," ते मला म्हणाले. "कॅन्सरही असेल. दोन्ही गाठी तपासून घ्या, तोवर ऑपरेशन थांबवा."

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. दोन्ही गाठींत टीबीच निघाला. सोलापुरातच दुर्बिणीतून नळी बसवून पित्ताला वाट करून दिली आणि कावीळ उतरल्यावर गोळ्या सुरू झाल्या. "या गोळ्यांनीही कावीळ होते. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी या," मानवाल्यांनी बजावलं. रोज सकाळी आईला उन्हात बसवून मी तिचे डोळे बघायचो, आणि बघायचीच भीती वाटायची.

गोळ्यांच्या सहाव्या महिन्यात आई अंगानं चांगली भरली होती. डॉक्टर माझ्याच वयाचे, तिला लेकासारखे. "समद्यांच्या माना बघता, तुमची कोण बघतंय?" म्हणत तिनं हसतहसत त्यांच्या मानेवर हात ठेवला. कानाखाली तिची बोटं थांबली. हसू मावळलं.

डॉक्टरांनी तिचा हात अलगद खाली घेतला. "कळलंय मला, मावशी. तुमच्या गोळ्या किती राहिल्या?"

आईच्या गोळ्या संपल्या तेव्हा सांगायला गेलो. पाटी उतरवलेली होती.