शालनच्या खोलीतले शनिवार

शालनच्या मुलाचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी देवळाली कॅम्पच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. "कुंदामावशी, आई गेली... पहाटे, झोपेतच," एवढंच तो म्हणाला. मी "बरं, निघते" म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि, काय सांगू, हुज्जत पुढे चालूच ठेवली. जुडी माझ्याच भावात घेतली. बसस्टॉपवर येऊन टेकले, नाशिकची बस समोर येऊन थांबली, निघून गेली, तरी मी जुडी मांडीवर घेऊन बसूनच राहिले. महिना उलटून गेला त्याला. शालनविषयी मीच लिहावं असा तिच्या लेखकांचा आग्रह आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करणाऱ्या बाईला स्वतः लिहायला बसवणं म्हणजे शिक्षाच की. पण शालनवर दुसऱ्या कुणी गोडगोड लिहिलेलं मला सहन व्हायचं नाही, म्हणून बसले.

आम्ही दोघी एकाच शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर मी गुडघ्यांना तेल लावत बसले आणि या बाईनं गंगापूर रोडवरच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत प्रकाशन काढलं. कविता नाही, कादंबऱ्या नाहीत. पडून पुन्हा उठलेल्या माणसांनी आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगायची, तीच छापायची. वाचणाऱ्याला आपापल्या अडचणीत तिचा उपयोग व्हावा, बस. "अगं, पण ही माणसं लेखक नाहीत," मी म्हटलं. "म्हणूनच तर तू हवीस," ती म्हणाली, आणि मी मुद्रितशोधक झाले. त्या पुस्तकांना मी 'उठा-उठा माला' म्हणायची. ती चिडायची नाही. उलट फोनवर लोकांना सांगायची, "आमच्या कुंदाबाईंनी उठा-उठा मालेत तुमचं पुस्तक तपासायला घेतलंय हं."

तिची एक पद्धत होती आणि तीत ती तडजोड करायची नाही. हस्तलिखित आलं की ती स्वतः वाचायचीच नाही. शनिवारी दुपारी लेखकानं यायचं आणि त्या खोलीत बसून मोठ्यानं वाचायचं. ऐकायला मी, ती आणि आधी ज्यांची पुस्तकं निघालीत त्यांपैकी जे येतील ते. ऐकणाऱ्यांनी मधे 'अरेरे' म्हणायचं नाही, 'शाब्बास' म्हणायचं नाही, धीर तर मुळीच द्यायचा नाही. वाचून संपलं की शालन एकच प्रश्न विचारायची : "त्या दिवशी जेवलात काय?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लाजच वाटली. समोरचा माणूस आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस सांगून घाम पुसतोय आणि ही जेवणाचं विचारतेय! पण त्या प्रश्नाला तयार उत्तर कुणाकडेच नसायचं. माणूस थांबायचा, आठवायचा आणि मग खरं बोलायचा.

हरसूलकडचे भोये पहिल्यांदा आले तो शनिवार मी विसरणार नाही. दगडाच्या खाणीत पाय गमावलेला माणूस, पुढे गावातच सायकल-दुरुस्तीचं दुकान टाकून उभा राहिलेला. त्यांनी आणलेली पानं म्हणजे निव्वळ भाषण होतं : जिद्द, चिकाटी, यश आणि पुन्हा जिद्द. शालननं प्रश्न विचारला. भोयेंनी पानं मिटून खाली ठेवली. मग म्हणाले, "दवाखान्यात बायकोनं नागलीची भाकर आनली व्हती ताई. लांबून आनली व्हती. मी फेकून दिली. तिनं उचलली, झटकली आन तीच खाल्ली." शालन म्हणाली, "इथून सुरू करा." त्या भाकरीपासूनच त्यांचं पुस्तक सुरू होतं, आणि ते वाचून परक्या गावचे लोक भोयेंच्या बायकोला भेटायला येतात. ती माऊली अजूनही म्हणते, "ह्यास्नी छापायला दुसरं काय घावलं नाय का?"

मग शालनच आजारी पडली. पोटात गाठ, ऑपरेशन, मग ती औषधं, ज्यांनी केस जातात आणि चव जाते. आणि लेखक धावले की हो! कुणाच्या हेतूत खोट नव्हती, पण प्रत्येक जण येताना स्वतःचंच पुस्तक घेऊन यायचा. ज्या बाईनं ते छापलं, तिलाच! पानं दुमडून, ओळींवर पेन्सिलीच्या खुणा करून. इगतपुरीची लता, रेल्वेत नोकरीला असलेला नवरा वारल्यावर दोन्ही मुली एकटीनं वाढवलेली, तिनं तर आपल्या पुस्तकातली वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवली. "ताई, तुम्हीच आम्हाला लढायला शिकवलंत, तुम्ही हरायचं नाही." शालन हसून मान डोलवायची. सगळे गेले की भिंतीकडे पाठ करून झोपायची.

आजार उलटला. डॉक्टरांनी औषधांची आणखी एक फेरी सुचवली. उपयोग होईलच असं त्यांनाही सांगता येईना. त्या संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल चोळत होते. ती म्हणाली, "कुंदे, मला नाही गं घ्यायचं ते औषध आता. घरी राहायचंय, आमटीची चव लागायला हवीय. निखिलशी बोलले मी. त्याला पटलंय." माझ्या डोळ्यांना धार लागली. ती म्हणाली, "रड तू, पण ऐक. मला भीती वाटते. मरणाची वाटतेच, पण ह्या लोकांची जास्त वाटते. सगळ्यांकडून धीराची पुस्तकं लिहून घेतली आणि स्वतःवर आलं तेव्हा हात टेकले, असं वाटेल गं त्यांना. आपली पुस्तकं खोटी होती असं वाटेल." तिला गुपचूप औषध सोडायचं नव्हतं आणि कुणाची परवानगीही मागायची नव्हती. फक्त त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. शेवटी तीच म्हणाली, "शनिवारी बोलव सगळ्यांना. म्हणावं, नवीन लेखिका येणार आहे."

खोली भरली. निखिलनं तिला उचलून खुर्चीत बसवलं. हातात कागद नव्हता. आवाज बारीक होता, पण वर्गात धडा समजावताना लागायचा तसाच लागला. "मी औषध बंद करतेय. थकून बंद करतेय. मला रोज भीती वाटते आणि तुमच्यापैकी कुणीही आलं की ती लपवावी लागते, त्यानं मी जास्त थकते. झालं माझं वाचून." लता ताडकन उठली, "नाही ताई, असं कसं, तुम्ही..." शालननं तिच्याकडे नुसतं बघितलं. "लता, नियम." लता खाली बसली, पदर तोंडात धरला आणि मग, कुठून धीर आणला कोण जाणे, तिनंच विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी जेवलात काय, ताई?"

"मिसळ," शालन म्हणाली. "निखिलला गाडी थांबवायला लावली. चव कळत नव्हती तरी झणझणीत मागितली. रस्सा दोनदा घेतला."

कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक मीच. मग भोये घसा खाकरून म्हणाले, "ताई, एक सांगू का? मी बी लय घाबरलो व्हतो. दुकान टाकलं तरी वरीसभर रोज रातीला रडायचो. पुस्तकात नाय लिवलं. लोकं काय म्हनतील..." लता म्हणाली, "मी मुलींना घेऊन धरणावर गेले होते एकदा. परत आले. ते मीही लिहिलं नाही." मग एकेक जण बोलायला लागला. प्रत्येकाचं काही ना काही बाहेर राहिलेलं होतं. शालन ऐकत होती. शेवटी तिनं कपाळावर हात मारला, "अरे, मग हे आत्ता सांगताय? छापून झाल्यावर?" असं हसलो आम्ही, असं हसलो, की शेजारच्या बाई काय झालं बघायला आल्या. जाताना लतानं भिंतीवरचे कागद स्वतःच्या हातानं काढले. पुढचे दिवस शालन घरी राहिली, आमटी चाखून नावं ठेवत राहिली, आणि तिला भीती वाटली की ती तसं सरळ सांगायची. मी हात धरून बसायची. माझ्या जिवाला तेवढीच शांतता मिळाली.

प्रकाशनाचं काय करायचं, ते निखिलनं माझ्यावर सोपवलंय. गेल्या शनिवारी मी खोली उघडली, खिडक्या उघडल्या, जाळी झटकली. भोये आले होते. नव्या आवृत्तीसाठी त्यांनी ते रडण्याचं पान लिहून आणलंय. वाचून झालं. आता बोलायची पाळी माझी होती, आणि शालनच्या खुर्चीत बसायचं धाडस मला होत नव्हतं. मी दारातच उभी होते. "भोये, मला नाही जमायचं हे तिच्याशिवाय," मी म्हटलं. "फार भीती वाटतेय हो मला." साठी उलटल्यावर परक्या माणसाजवळ हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन. भोयेंनी मला समजावलं नाही की धीर दिला नाही. "हां," म्हणाले, कुबडी भिंतीला टेकवली, बसल्या जागी जरा सरकले आणि सतरंजीवर माझ्यापुरती जागा केली.