आभाळलेला डोळा

दादा, म्हणजे माझे वडील, मला इंग्रजी शिकवीत ते गच्चीवर, उजेड असेपर्यंत. ते देवासच्या थोरल्या पातीच्या शाळेत शिक्षक होते; आमची गल्ली मात्र धाकट्या पातीत मोडे. एकाच गावाची अशी दोन राज्ये होती. ढगांना तेवढी ही हद्द ठाऊक नव्हती.

पावसाळा सरत आलेल्या एका संध्याकाळी ‘क्लाउड’ हा शब्द आला. आधी तो नाम म्हणून आला, मग तोच क्रियापद झाला. आकाश भरून येते, पाणी गढूळते, चेहरा उतरतो, मनात शंका दाटते, या साऱ्यांना तो एकटा पुरे. शेपूट जोडावी तर विशेषण. दुसरी जोडावी तर आकाश निरभ्र. टेकडीमागे खरा ढग हत्तीचा उंट होत होता, आणि माझ्या पाटीवर त्याचे नावही तसेच रूप पालटत होते. मी थक्क होऊन दोहोंकडे पाहत राहिले.

“आपल्यात काय म्हणतात?” दादांनी विचारले.

“ढग, मेघ, अभ्र,” मी घडाघडा म्हटले.

आई मोदकांसाठी नारळ खवत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “आणि आभाळ? आभाळ येतं, आभाळ फाटतं. नुसतं आभाळतंसुद्धा.”

“घ्या! पंडिता घरातच आहे.”

“कसली पंडिता! परवा साखर समजून खिरीत मीठ घातलं, ते विसरलात वाटतं?”

“विसरायला जीभ कुठं देते!” दादा म्हणाले, आणि आम्ही तिघेही हसलो.

त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र पाहून त्याला अर्घ्य दिल्यावाचून आई अन्नाला शिवत नसे. अंधार पडल्यावर ती ताम्हन घेऊन उभी राहिली. गंध, अक्षता, जास्वंदीचे फूल. हात जोडून तिने पळीने पाणी सोडले. तिच्या मुद्रेवर अशी तृप्ती होती की मीही नकळत तिच्या दृष्टीमागे गेले.

ती टेकडीकडे पाहत होती. तिथे देवीच्या देवळापाशी टांगलेला कंदील होता. पूर्वेला अजून काळोखच होता.

“आई, चंद्र कुठे दिसतो तुला?”

“हा काय. आज अंमळ पिवळा आहे.”

दादांनी तिच्या डोळ्यांसमोर बोटे धरली. “ही किती?”

“उपाशी माणसाची थट्टा करू नये,” ती म्हणाली. पण तिचा आवाज बोलता बोलताच बारीक झाला. तिने ताम्हन खाली ठेवले. “मग इतके दिवस मी कुणाला अर्घ्य देत होते?”

दृष्टी जाण्याचे भय तिला मागाहून वाटले. आधी वाटले ते चंद्राशी चुकल्याचे. पुढे चंद्र उगवला तेव्हा मी तिचे खांदे धरून तिला तिकडे वळवले. तिला नुसता धूर दिसला.

“मी सांगते ना, उगवला,” मी म्हटले.

“तुझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या चंद्रावर तू जेव,” ती म्हणाली. त्या रात्री तिने मोदकाला हात लावला नाही; पुढच्या संकष्टीलाही नाही.

थंडीत आम्ही बैलांच्या दमणीने इंदूरवरून धारला मावशीकडे गेलो. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात नवी मडम डॉक्टर आली होती. तिला आपली भाषा येत नव्हती, आणि कंपाउंडर दुभाष्या म्हणून पुढे होताच आईने पदर ओढून घेतला. “माझ्या डोळ्यांत काय आहे, ते परका पुरुष सांगणार?” म्हणून मला उभे केले.

फरशी धुण्याच्या कार्बॉलिकचा तिखट वास होता. भिंगातून उजेडाची एक काडी आईच्या बुबुळावर पडली, आणि आत, खोल, शिंपल्याच्या अस्तरासारखे काही पांढुरके चमकले. डॉक्टर काही बोलली. त्या वाक्याच्या मधोमध आमच्या गच्चीवरचा तो शब्द उभा होता.

“आई, डोळा आभाळलाय म्हणतात.”

“एवढंच ना? आभाळ काय, आलं तसं जाईल.”

ते आपोआप जाणार नव्हते. शस्त्राने काढावे लागेल; नंतर निश्चल पडून राहावे लागेल; डोके हलले तर डोळा जाईल; आणि इतके करूनही दिसेलच असा शब्द देता येत नाही. हे सारे मी मराठीत सांगितले. आईने पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, “तिला सांग, काप म्हणावं. कंदिलाला चंद्र म्हणण्यापरीस ते बरं.”

शस्त्रक्रियेनंतर तिच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. दवाखान्यातली आया जाता-येता हलू नका म्हणून बजावी, “माँ साब, हिलजो मती.” मावशी घरून सोवळ्यात पाणी आणून चमच्याने तिच्या ओठांत सोडी. मी खिडकीतले ढग तिला सांगत असे.

“पिंजल्या कापसासारखा आहे.”

“कापूस मला ठाऊक आहे. कड कशी आहे ते सांग.”

तोवर मी ढगाची कड कधी पाहिली नव्हती.

देवासला परतल्यावर जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून ती चाचपडतच चाले. पायरी तिला कधी जवळ भासे, कधी दूर. माघात संकष्टी आली आणि नेमकी हिवाळी पावसाची मावठ दाटून आली. ताम्हन घेऊन आम्ही गच्चीवर थांबलो.

“पंचांगाप्रमाणे उगवला,” दादा म्हणाले. “अर्घ्य द्यायला हरकत नाही. इकडे पोटात कावळे ओरडताहेत.”

“पंचांगाला डोळे आहेत का?”

वारा गार होता. ओल्या मातीचा वास येत होता. पूर्वेचा एक ढग आतून उजळू लागला.

“आला!” मी ओरडले.

“गप्प! अजून आत आहे तो.” तिने चष्मा दोन्ही हातांनी धरला होता. “कड बघ. आधी राखेसारखी होती, आता दुधाची साय झाली. आणि ती हलते आहे गं, सबंध हलते आहे…”

चंद्र बाहेर आला. दादांनी पळी पुढे केली. आईने ती घेतली, पण पाणी सोडायचे तिला सुचेना. ती त्या सरकणाऱ्या ढगामागे मान वळवीत राहिली, आणि आम्ही दोघे भुकेलेले तिच्यामागे उभे राहून तोच ढग पाहत राहिलो.