इंचाचा पाना

दसऱ्याच्या सकाळी, घरातलं कुणी उठायच्या आत, रमाकांत गुप्ते स्वतःच्याच अंगणात चोरासारखा आपल्या डॉज गाडीखाली शिरला. पुढच्या चाकापाशी ब्रेकच्या नळीचा नट पाझरत होता. आदल्या दुपारी त्याला फरशीवर तेलाचा डाग दिसला होता. पण तोवर खंडेनवमीची पूजा होऊन गेली होती. त्याचे सगळे पाने हळदकुंकू लावून, झेंडू वाहून बाहेरच्या खोलीत पाटावर मांडलेले होते. सीमोल्लंघन करून आल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, हा गुप्त्यांचा रिवाज.

एक पाना उचलला असता तर देव रागावला नसता. पण गेल्या वर्षी भाच्याने, उत्कर्षने, गाडीतला टेप बसवायला पाटावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, तेव्हा रमाकांतने भरल्या घरात त्याला फैलावर घेतलं होतं. संस्थानच्या चाकरीत पिढ्या गेलेल्या घरात एवढंही कळू नये? ते शब्द आता पाटाशेजारी राखणीला बसले होते.

डॉज सहासष्ट सालची. बडोद्याजवळ एक कारखाना उभारायला आलेला अमेरिकन इंजिनियर ती घेऊन आला आणि जाताना रमाकांतच्या वडिलांना, श्रीपतरावांना, विकून गेला. सोबत पान्यांचा एक संचही देऊन गेला, कारण तिचे सगळे नट इंचाच्या मापाचे. रमाकांत प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत नकाशे काढी, स्कूटरवरून जाई-येई. निजामपुऱ्यात त्याला ओळखत ते मात्र डॉजवाला म्हणूनच. आठ सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की शेजारच्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरत. वर्षातून एकदा, दसऱ्याला, बायकोला, निरुपमाला, शेजारी बसवून तो पादरा गावाच्या रस्त्यावर आपट्याच्या झाडापर्यंत जाई, पूजा करून सोनं घेऊन येई. तेच त्याचं सीमोल्लंघन.

या वर्षी उत्कर्ष पुण्याहून आपली होंडा सिटी घेऊन आला होता. गाडी खाली बसवलेली, चाकं रुंद, एक्झॉस्ट बदललेला, इंजिनाच्या मेंदूतही काही फिरवाफिरव केलेली. रात्रीच्या जेवणात दुसरा विषय निघालाच नाही. रमाकांतचं म्हणणं, ताकद तळापासून यायला हवी. डॉजला पाय लावला की माणूस पाठीमागे दाबला जातो, तिला होंडासारखं किंचाळावं लागत नाही.

"तुझी म्हणजे शिटी मोठी आणि कुकर रिकामा," तो म्हणाला.

"आणि तुमची पहिलवान, मामा. दंड छान थोपटते. वळ म्हटलं की धाप लागते."

मामी हसली, म्हणून उत्कर्षला आणखी चढलं. निम्म्या इंजिनातून जपान्यांनी जवळजवळ तेवढीच ताकद कशी काढली ते त्याने पोळीचे तुकडे मांडून समजावलं. मग पोळी बाजूला सारून तो म्हणाला, "खरं सांगू? शर्यत थांबण्यावर ठरते. मी वळणाच्या तोंडापर्यंत दामटतो. तुम्हाला आधीपासूनच ब्रेक धरावा लागतो."

उद्या आपट्यापर्यंत बघू, असं रमाकांत बोलून गेला. डाग त्याने दुपारीच पाहिला होता. तरी बोलून गेला.

आणि आता तो डॉजखाली होता, हातात उत्कर्षच्या डिकीतून न विचारता काढलेला दहा मिलिमीटरचा पाना. जपानी माप. इंचाच्या नटावर केसभर सैल. पहिल्यांदा धरल्यासारखा वाटला, दुसऱ्यांदा निसटला. मग पुन्हा धरल्यासारखा. रमाकांतने नट पुसला, वर तेल भरलं, पेडल दाबून पाहिलं. घट्ट लागलं. झालं, असं तो स्वतःला म्हणाला, आणि पाना होता तिथे ठेवून आला.

निरुपमा पूजेचं ताट मांडीवर घेऊन गाडीत बसली. अटलादरा मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. होंडा शेजारी आली, किंचाळली. रमाकांतने पाय दाबला. डॉज खालून उसळली, ताटातलं कुंकू निरुपमाच्या पदरावर सांडलं, होंडा आरशात लहान होत गेली. क्षणभर त्याला वाटलं, एवढ्यासाठीच आपण जगत आलो.

झाडाच्या अलीकडे वळण होतं. त्याने ब्रेकवर पाय ठेवला. पेडल मऊ लागलं. पुन्हा दाबलं, तर ते तळाला टेकलं आणि तिथेच राहिलं.

वळणावर एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा वळत होता.

"अहो," निरुपमा एवढंच म्हणाली.

त्याने खालचा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक ओढला. मागची चाकं सरकली. ट्रॉली समोर वाढत आली, मग बाजूला गेली, आणि डॉज बांध ओलांडून कपाशीत घुसली. बोंडं काचेवर आपटत राहिली. मग काहीच आपटेना.

मागून येणारी होंडा वळणाच्या तोंडाशी शांतपणे थांबली. ट्रॅक्टरवाला पळत आला. "काका, वाग्युं तो नथी ने?" लागलं कुणालाच नव्हतं. निरुपमाने ताट अजून दोन्ही हातांनी धरलं होतं.

उत्कर्ष टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने रमाकांतकडे पाहिलं नाही.

"दहाचा लावला होतात," तो म्हणाला. "नटावरचे ओरखडे ताजे आहेत."

रमाकांतने मान हलवली. निरुपमा नवऱ्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं, आणि मला शेजारी बसवलंत?"

तिने ताट बॉनेटवर ठेवलं, होंडात जाऊन बसली आणि उत्कर्षला घरी चल म्हणाली. कशाला, ते सांगितलं नाही.

रमाकांत बांधावर बसून राहिला. ऊन चढलं. ट्रॅक्टरवाला दोनदा पाणी विचारून गेला. होंडा परत आली तेव्हा निरुपमाच्या हातात पाना होता, श्रीपतरावांच्या संचातला, हळदीने पिवळा, दांड्याला झेंडूची पाकळी चिकटलेली. तिने तो पाटावरून स्वतः उचलला होता.

"मागितला असतात तर कालच दिला असता," ती म्हणाली.

त्याने तो घेतला, कपाळाला लावला आणि कपाशीत पाठ टेकून गाडीखाली गेला. इंचाचा पाना इंचाच्या नटावर चढला. त्याने जोर दिला. पाना गरकन फिरला. पुन्हा दिला, पुन्हा फिरला. नटाला कोपरेच उरले नव्हते. पहाटे त्यानेच ते खाऊन टाकले होते. आता योग्य मापाचा पानाही तिथे परका होता.

खाली तेलाचा आणि हळदीचा वास येत होता. बाहेर दोघांची पावलं दिसत होती, न हलणारी.

रमाकांतने हळदीचा हात गाडीखालून बाहेर काढला, तळवा वर करून.

"उत्कर्ष," तो म्हणाला, "तुझी पकड दे."